दारातली मॅटच दुकानभर गारा करते, त्याचं काय करायचं

मृग लागून पहिला जोराचा पाऊस पडला की आठ दिवसांच्या आत आमच्या लाइनीतल्या कोण्या ना कोण्या दुकानदाराचा फोन येतोच. "भाऊ, नवी मॅट आणली, तरी फरशीवर गारा तो गाराच. उलट मॅटच्या पुढेच जास्त." मेडिकलवाला असो, सोनार असो, झेरॉक्सवाला असो, रडगाणं एकच, गारा म्हणजे चिखलाचं. दरवर्षी तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

माझं कृषी केंद्र यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी-मारेगावच्या पट्ट्यात, डांबरी रस्त्याला लागून. रस्ता ओलांडला की वावरं सुरू. आमच्या धंद्याचं दुखणं असं की गिऱ्हाईक ज्या दिवसांत सगळ्यात जास्त, चिखलही त्याच दिवसांत सगळ्यात जास्त. सरकी, सोयाबीनचं बियाणं, खत, तणनाशक, सगळी धावपळ जून-जुलैची. तेव्हा दार बंद ठेवून फरशी पुसत बसता येत नाही.

तीन वर्षांआधी मी शहरातून एक भारीची मॅट आणली होती. मरून रंगाची, जाड, वर ‘सुस्वागतम’ लिहिलेलं. जुलैतला दिवस, नुकतीच उघाड मिळालेली. आमच्या गावचे एक आबाजी दारात आले, पायातल्या प्लॅस्टिकच्या चपलेला दोन्हीकडून माती लोंबत होती. मॅटपाशी थबकले. मी म्हटलं, या ना आबाजी. तर ते म्हणाले, "नाई भाऊ, नवीकोरी दिसून रायली, खराब होईन ना!" आणि धोतर सावरून त्यांनी मॅटवरून लांब टांग टाकली. पाय पडला तो थेट चकचकीत टाइलवर. पुढचं सांगायला नको. हाड मोडलं नाही एवढं नशीब, पण पंधरा दिवस कंबर धरून चालत होते. गुन्हा माझा. पुसायसाठी आणलेली वस्तू मी अशी सजवून ठेवली की माणसाला तिच्यावर पाय ठेवायची लाज वाटावी.

त्या दिवसापासून मी मॅट या विषयाकडे जरा डोकं लावून पाहायला लागलो.

मॅट दहा वाजेपर्यंतच का चालते

आधी माती समजून घ्या, कारण मॅट बनवणाऱ्याने आपली माती पाहिलेली नसते. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर. तिचे कण पापुद्र्यांसारखे असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मधात शिरतं. म्हणूनच हीच माती पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मे मध्ये आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पार पातळ झालेला गारा पाण्याबरोबर वाहून जातो. खडखडीत वाळलेल्या मातीचे ठोकल्यावर ढलपे पडतात. ना ओली ना वाळली अशी मधली अवस्था असते, तेव्हा ती सगळ्यात जास्त चिकटते. आता आठवून पाहा, दुकानात गर्दी कधी होते? भर पावसात नाही. उघाड पडली, वापसा, म्हणजे वावरात काम करण्याजोगी ओल, यायला लागला, वावरातून निघालेला माणूस तसाच गाडीवर बसून बियाण्याला आला, तेव्हा. म्हणजे माती सगळ्यात चिकट असते नेमक्या त्याच वेळी.

असे तीस-चाळीस जण येऊन गेले, म्हणजे सकाळचे दहा वाजले, की मॅटचे सगळे केस, सगळी वेटोळी मातीनं भरतात. त्यानंतर ती मॅट उरत नाही, चिखलाचा साचा होतो. एकेचाळिसावा माणूस स्वच्छ पायानं आला तरी मॅटवरचा गारा घेऊन आत जातो. ‘मॅटच्या पुढेच जास्त घाण’ ही तक्रार इथून येते, आणि ती खरी आहे.

दुसरी चूक मापाची. माणसाचं एक पाऊल साधारण दोन-सव्वादोन फुटांचं. आपण टाकतो दोन बाय तीनचं पायपुसणं, तेही आडवं. एक पाय त्यावर पडतो, दुसरा सरळ फरशीवर. दोन्ही पाय दोन-दोनदा पुसले जायचे तर चालायच्या दिशेनं आठ-नऊ फूट लांबी लागते. एवढी एक मॅट कोणी टाकत नाही आणि टाकायची गरजही नाही. ही लांबी बाहेर आणि आत मिळून भरून काढायची.

खरं काम उंबरठ्याच्या बाहेर

मॅटचं काम उरलेलं पाणी आणि बारीक माती टिपायचं. ढेकळं तिच्यापर्यंत यायलाच नको. मी जे केलं ते असं.

दारासमोरच्या सहा-सात फुटांत आधी मुरूम होता. मुरूम एका पावसाळ्यात काळ्या मातीत मुरून जातो आणि स्वतःच चिखल होतो. त्यावर गिट्टी टाकली, ती पण दोन महिन्यांत गडप. मग एका गुत्तेदारानं सांगितलेली युक्ती केली. जागा वीतभर खोदून घेतली, तळाला खताच्या रिकाम्या विणलेल्या प्लॅस्टिक गोण्या उसवून दुहेरी अंथरल्या, कडा एकमेकींवर चांगल्या हातभर चढवल्या, आणि वरून वीस एमएमची गिट्टी. गोणीच्या विणीतून पाणी खाली जातं, माती वर येत नाही, गिट्टी खाली बसत नाही. तिसरा पावसाळा आहे, अजून गिट्टी गिट्टीच दिसते. रस्ते बांधणारे हेच काम महागड्या कापडानं करतात. एक काळजी घ्या, गोण्या खताच्याच वापरा आणि आधी धुऊन घ्या. औषधाचे डबे-पिशव्या यात आणू नका.

गिट्टीवर चालता चालता अर्धी माती झडते. उरलेल्या अर्धीसाठी पायरीच्या बाजूला लोखंडी पट्टी. वेल्डिंगवाल्याकडून दीड फूट लांबीची पट्टी, दोन पायांवर उभी, टोंगळ्याच्या बरीच खाली, घोट्याच्या उंचीला. तिच्यावर चप्पल घासली की तळाची पोळी निघून पडते. पट्टीची धार ग्राइंडरनं मारून गोल करून घ्या, अनवाणी येणारे लोकही असतात. सोबत एक जुनं खुरपं दोरीला बांधून ठेवलं आहे. ते जास्त चालतं, सांगायला लागत नाही. खुरपं हातात आलं की कास्तकाराला काय करायचं ते कळतं.

आणि एक टाकं, मग्गा. आपल्याकडे घरात शिरताना पाय धुवायची रीत आहेच, दुकानाच्या दारात पाणी दिसलं की लोक आपोआप पाय धुतात. टाक्याचं पाणी पायरीकडे न येता नालीकडे जाईल असा उतार हवा. हे नीट केलं नाही तर गिट्टीच्या जागी डबकं होतं. माझ्याकडे पहिल्या वर्षी झालंच.

यानंतर पायरीवर भोकांची रबर मॅट. पाऊण इंच जाडीची, आरपार भोकं असलेली. माती भोकांतून खाली पडते, पाय वरच्या कडांवर राहतो. संध्याकाळी उचलायची, खालची माती खराट्यानं लोटायची, मॅट उभी करून पाणी मारायचं. उचलली नाही तर आठवड्यात भोकं गच्च, मग तिचा उपयोग पाटासारखा. आत, टाइलवर, पाणी टिपणारी मॅट. ती मात्र कापडी केसांची आणि खाली रबराचा थर असलेली.

गर्दीच्या आठ-दहा दिवसांत मी या आतल्या मॅटवर तागाचा बारदाना टाकतो. ताग पाणी चांगलं ओढतो, दिवसातून दोनदा बदलला तरी खिशाला चटका नाही. धान्याचा जुना बारदाना आठवडी बाजारात मिळतो. यात एक गोष्ट फार वेळा चुकते. बारदाना म्हणून लोक युरियाची प्लॅस्टिकची गोणी टाकतात. ती पाणी थेंबभर ओढत नाही आणि टाइलवर अशी घसरते की आबाजींसारखी आणखी माणसं पडतील.

बारदान्याचा एक फायदा मी ठरवून घेतला नव्हता. त्याच्यावरून कोणी उडी मारत नाही. मळकं पोतं पाहिलं की लोक मन लावून पाय पुसतात. तेव्हापासून मॅट घेताना रंग मातीचाच घेतो, अक्षरं-फुलं काही नाही.

मॅट सरकते

रबराचा थर आहे, तरी सरकते, असं विचारतात. मॅट उचलून खाली बोट फिरवून पाहा. साबणासारखा काळा लेप हाताला लागेल. मॅटमधून झिरपलेली बारीक चिकणमाती रबर आणि टाइल यांच्या मधात बसते आणि तेलाचं काम करते. कोरड्या दिवसांत त्याच जागी बारीक रेती असते, ती गोळ्यांसारखी फिरते. दोन्हीचा इलाज एकच. रोज रात्री मॅट उचला, खालची जागा आणि मॅटचं पोट, दोन्ही ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या, मग टाका. दुहेरी चिकटपट्टी लावायच्या भानगडीत पडू नका. ओलीनं ती सुटते आणि टाइलवर डाग ठेवून जाते.

कडा वर वळली असेल तर ती मॅट बाद. उलटी गुंडाळून रात्रभर वजन ठेवून पाहा, नाही बसली तर काढून टाका. तिच्यात पाय अडकून पडणारा माणूस घसरणाऱ्यापेक्षा जोरात पडतो.

वास मारते

झड लागली, चार दिवस सूर्य दिसला नाही, की वास येणारच. पण कृषी केंद्रातला वास वेगळा असतो, नाकात चढणारा. दोन पावसाळे मी फिनाईल ओतत बसलो. कारण पायाखालीच होतं, तेही आपलंच.

युरिया हवेतलं पाणी ओढतो. श्रावणातल्या दमट हवेत फाटक्या गोणीतून सांडलेले दाणे काही वेळात पाझरायला लागतात, फरशीचा तेवढा तुकडा ओलाच राहतो. हमाल 45 किलोची गोणी खांद्यावर घेऊन मॅटवरून जातो, दाणे मॅटमध्ये झडतात. आता मॅटमध्ये माती आहे, ओल आहे आणि युरिया आहे. मातीतल्या जिवाणूंमुळे युरिया फुटून त्याचा अमोनिया होतो. वावरात जे व्हायला पाहिजे ते दारात होतं! मॅट वाळत नाही ती पण यामुळेच, कारण ती रात्रभर हवेतून पाणी ओढत बसते. शटरची खालची पट्टी गंजायलाही हेच खारं पाणी हातभार लावतं.

म्हणून आमच्याकडे गोण्यांची वाट बाजूच्या दारानं केली. सांडलेलं खत आधी कोरडंच झाडून उचलायचं, पाणी नंतर. आधी पाणी मारलं की ते विरघळून फरशीच्या सांध्यात आणि मॅटमध्ये जातं. मॅटला फिनाईलपेक्षा तीन-चार वेळा साधं भरपूर पाणी जास्त गुण देतं.

अशा मॅटवर ब्लीचिंग पावडर चुकूनही टाकू नका. ग्रामपंचायतीची पावडर घरात पडलेली असते, वास आला की माणूस मूठभर टाकतो. अमोनिया आणि क्लोरीन एकत्र आले की निघणारा वायू डोळ्याला, छातीला घातक. बंद शटरमध्ये तर विचारू नका.

आणि कीटकनाशक सांडलेली मॅट धुवायची नसते. सांडल्या जागी कोरडी माती किंवा भुसा टाकून ओल ओढून घ्यायची, हातमोजे घालून सगळं गोळा करायचं, आणि मॅट वेगळी बांधून बाद करायची. नाल्यावर नेऊन धुणं नको, घरी दारात टाकणं त्याहून नको. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते आपण पाहिलं आहे. ही औषधं कातडीतूनही जातात, आणि दारातल्या मॅटवर लहान पोरं बसतात.

वाळवण्याचं म्हणाल तर दोन जोड हव्यात, एक दारात, एक वाळत. झडीत ऊन नसतं, पण दुकानात कुलर असतो. पंप बंद करून नुसता पंखा चालू करायचा, समोर दोन खुर्च्यांच्या पाठींवर मॅट आडवी टाकायची. दुकान बंद करायच्या आधीचे दोन तास पुरतात. रात्रभर चालू ठेवून घरी जाऊ नका. पोळ्याला अर्धा दिवस दुकान बंद असतं, त्या दिवशी सगळ्या मॅट एकदा ब्रशनं घासून काढतो.

सकाळी मॅट उचलताना हातानं नाही, काठीनं. पावसाळ्यात खाली विंचू निघतो. माझ्याकडे दोनदा निघाला आहे.

पावसाळा संपल्यावर

दसऱ्यानंतर दुखणं बदलतं, लोक मात्र मॅट तीच ठेवतात. कापूस वेचून आलेल्या माणसांच्या कपड्यांना बोंडाची पाती, रुई चिकटलेली असते. धुऱ्याच्या, म्हणजे बांधावरच्या, गवताची कुसळं तर पायजम्याला झालरीसारखी. कुसळाचं टोक बाणासारखं असतं, काथ्याच्या किंवा केसाळ मॅटमध्ये ते उभं अडकून बसतं आणि अनवाणी पायाला टोचतं. झाडून निघत नाही, धुऊन तर आणखी खोल जातं. यासाठी दारात प्लॅस्टिकच्या वेटोळ्यांची मॅट बरी, झटकली की बरंचसं पडतं. चार फुटी रोलमधून पाहिजे तेवढी कापून देतात. तिच्यात दोन प्रकार आहेत. खालून बंद असलेली आत टाकायची, म्हणजे धूळ फरशीवर उतरत नाही. खालून उघडी असलेली बाहेर, म्हणजे पाणी निथळतं. दुकानदार विचारत नाही, आपण विचारायचं.

उन्हाळ्यात भोकांची रबर मॅट बाहेर ठेवू नका. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात रबर दोन-तीन हंगामांत चिरतं, हात लावला की काळं निघतं. धुऊन, गुंडाळून गोदामात ठेवा. घडी घालू नका, घडीवरच चीर जाते. काथ्याची मॅट तेव्हा कडक होऊन केस गाळते, शिवाय कच्च्या जमिनीला टेकली तर उधई, म्हणजे वाळवी, लागते. उन्हाळ्यात मी पायरीवर बारदानाच टाकतो, पाणी शिंपडून. धूळ धरतो आणि दुपारी पायाला गार लागतो. फक्त कुलरचं ठिबकणारं पाणी आतल्या मॅटखाली जाऊ देऊ नका. वरून मॅट कोरडी दिसते, खाली पाणी साचलेलं असतं, आणि सरकण्याची तक्रार मे महिन्यात सुरू होते.

आमच्या बाजूच्या आटाचक्कीवाल्याचं एक सांगायचं राहिलं. त्यानं माझी जुनी रबर मॅट मागितली, मोटारीच्या स्टार्टरसमोर टाकायला, शॉक लागू नये म्हणून. मी दिली नाही. साध्या काळ्या रबरात काजळी घातलेली असते, आणि काजळी वीज वाहून नेते. विजेसाठीची मॅट वेगळी मिळते, तिच्यावर आयएस 15652 हा भारतीय मानकाचा क्रमांक असतो. ती पण कोरडी आणि चिखलाविना असली तरच कामाची.

मॅट आणायला जाल तेव्हा दोन मापं लिहून न्या. एक, दाराची रुंदी. शटर दहा फूट आणि मॅट तीन फूट असेल तर अर्धी माणसं बाजूनंच शिरतात. पावसाळ्यात मी अर्ध्या शटरसमोर बियाण्याच्या जाहिरातीचा स्टँड उभा करतो, म्हणजे वाट एकच राहते. दुसरं, शटरखालची फट. मॅटचा काठ शटरखाली आला तर कुलपाची पट्टी कडीला भिडत नाही, आणि हे रात्री नऊ वाजता लाइट गेलेली असताना कळतं. काचेचं दार असेल तर ते मॅटवरून फिरतं का, तेही पाहा.

भंडारा-गोंदियाकडचे दुकानदार विचारतात की आमच्याकडे हेच चालेल का. तिकडे धानाच्या बांधीतला रोवणीचा चिखल पातळ आणि माती बरीच ठिकाणी रेताड, ती चपलेला पोळीसारखी धरत नाही. त्यांना खरडायच्या पट्टीपेक्षा पाण्याचं टाकं जास्त उपयोगी. भोकांची मॅट तिकडे लवकर बुजणार नाही, पण आतल्या मॅटखालची रेती रोज झाडली नाही तर टाइल घासून तिची चकाकी मॅटच्याच आकारात जाते.